गुळगुळीत भिंतींची यादी

७ जानेवारी

कामावरचा पहिला दिवस. इंजिनिअर बाईंनी जाडजूड नोंदवही हातात दिली आणि बजावलं, "यात फक्त आकडे लिहायचे. पत्ता, खोली, मीटरचा आकडा, सही. तुमची मतं घरी ठेवा." मी शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं मदतनीस होतो. मतं असणं हा माझा जुना दोष आहे, आणि तो बाईंना पहिल्या दहा मिनिटांतच कळलेला दिसतोय. मतं घरी ठेवायची तर जागा हवी, म्हणून ही दुसरी वही.

नदीकाठचा युरेनियमचा कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली. दगड दळायचे, त्यातलं हवं ते काढून घ्यायचं, आणि उरलेला चोथा, म्हणजे बारीक राखाडी वाळू, तिथेच ओतायची. ओतून ओतून तिची टेकडी झाली. लहानपणी आम्ही तिच्यावरून पोतं घेऊन घसरायचो. आता ती अख्खी टेकडी उचलून चाळीस किलोमीटरवरच्या माळावर नेऊन पुरतायत. खड्ड्याच्या तळाला चिकणमाती, वरून चिकणमाती, त्यावर दगडांचा थर. रोज सत्तर लॉऱ्या जातात. धूळ उडू नये म्हणून वाळूवर पाणी मारतात, ताडपत्री आवळतात, फाटकावर चाकं धुतात, आणि किरणोत्सर्ग मोजायचा मीटर लावल्याशिवाय एकही लॉरी बाहेर सोडत नाहीत. एवढ्या निगुतीने कचरा नेताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी तासभर फाटकाशी आ वासून उभा होतो.

माझं काम मात्र गावात आहे. अकरा वर्षांपूर्वी कुंपण पडेपर्यंत लोकांनी ती वाळू फुकट नेली आणि घरांत वापरली. तिच्यातून एक वायू निघतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर घात करतो. ती घरं शोधायची, भिंती खरवडायच्या, जमिनी उखडायच्या आणि सगळं त्याच खड्ड्यात पाठवायचं. ३१ मार्चला खड्डा बंद होणार. त्यानंतर सापडलेलं घर जिथल्या तिथे.

घरं चारशे. मीटर घेऊन फिरणारे आम्ही सहा जण.

१५ जानेवारी

आठ दिवसांत अकरा घरं. लोक दारच उघडत नाहीत. घराला ठपका लागला तर पुढे ते कोण घेणार, ही धास्ती. एका काकूंनी तर "आमच्याकडे मिक्सर आहे हो" म्हणून तोंडावर दार लावलं. माझ्या हातात मीटर होता.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "त्या काळात इथे गिलाव्याची कामं कोण करायचं?" मी नोंदवहीत डोकं खुपसलं. पण गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निम्म्या गावाचे गिलावे आणि कोबे माझ्या सासऱ्यांनी केलेत. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, बाबा म्हणते, आणि मी शक्यतो काहीच म्हणत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा गृहस्थ माझ्याशी "आलात?", "बसा" आणि "निघालात?" यापलीकडे गेलेला नाही. मी त्यांना आवडत नाही हे मी केव्हाच गृहीत धरलंय.

१८ जानेवारी

शेवटी गेलो. सासरे ओट्यावर बसून थापी घासत होते. काम सोडून पाच वर्षं झाली, तरी रोज घासतात. "आलात?" "आलो." "बसा."

मी अर्धा तास बोललो. वाळू, वायू, खड्डा, ३१ मार्च. मधे एकदाही त्यांनी मान हलवली नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे ते लोकांच्या घरात मी घातलं."

मी म्हटलं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारखानाच हवी तेवढी न्या म्हणायचा. ते त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही. थापी फडक्यात गुंडाळली, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला."

पहिलं दार त्यांनीच वाजवलं. जी शिंपीण मला दोनदा हाकलून चुकली होती ती पुढे आली. सासरे तिला म्हणाले, "तुझ्या मागच्या खोलीचा गिलावा माझा आहे. त्यातली वाळू वाईट निघाली. चूक माझी आहे. यांना आत येऊ दे."

एवढंच. आज सहा दारं, आणि सहाही दारांत हेच, शब्दाला शब्द. मी असतो तर तिसऱ्या दारापर्यंत कारखान्याला शिव्या घालायला लागलो असतो. चूक माझी आहे, हे वाक्य मी बायकोला लग्न झाल्यापासून एकदा म्हटलंय, आणि तेही तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

२ फेब्रुवारी

सत्तावीस घरं. इंजिनिअर बाई आता मिस्त्रींना स्वतःच्या गाडीत पुढे बसवतात.

त्यांच्याकडे कागद नाही की वही नाही. खोलीत शिरतात, भिंतीवरून तळवा फिरवतात. "ही टेकडीच्या वाळूची. ती समोरची नदीच्या वाळूची." मागून मी मीटर लावतो, आणि मीटर निमूटपणे तेच सांगतो. टेकडीची वाळू पिठासारखी, चाळायलाही लागायची नाही. तिचा गिलावा इतका गुळगुळीत की हात घसरावा. नदीच्या वाळूत बारीक खडे, भिंत हाताला लागते. वीस-वीस वर्षांपूर्वीची कामं माणसाच्या तळहातात अशी साठून राहिलेली मी पहिल्यांदाच पाहतोय. बाई मला हळूच म्हणाल्या, "यांच्यापुढे आपलं यंत्र म्हणजे नुसता साक्षीदार आहे."

धान्यवाल्याच्या तीन मजली घरासमोर मी थांबलो, तर सासरे म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. नदीची आहे." बाईंनी नियमाप्रमाणे तरी मोजलं. सगळं घर स्वच्छ. कुणाला कुठली वाळू द्यायची हे कसं ठरायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ठरायचं."

९ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

कल्पना सासऱ्यांचीच. लोकांना धीर यावा म्हणून आधी माझं घर सगळ्यांसमोर मोजा, म्हणाले. गल्लीतली तीस-चाळीस माणसं जमली. मी खोलीन्‌खोली मोजली, न्हाणीसुद्धा सोडली नाही. मीटर गप्प. घर स्वच्छ निघालं. मी वेड्यासारखा खूश होऊन बाहेर आलो आणि मोठ्याने सांगून टाकलं.

गर्दीत निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. त्यांची झोपायची खोली परवाच आम्ही उखडलीय. फार भला माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मिस्त्री, आमच्या सगळ्यांच्या घरात घातलीत. स्वतःच्या घरात तेवढी नाही. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. घरी येताना माझ्याही मनात तेच आलं. खरंच ठाऊक होतं का?

१३ फेब्रुवारी

दारं पुन्हा बंद. बातमी गावभर झालीय. मिस्त्री बाहेर पडत नाहीत. त्यांच्यावाचून चार दिवसांत तीन घरं, आणि त्यातली दोन स्वच्छ. बाईंच्या खोलीत भिंतीवर तारखा खोडलेलं कॅलेंडर आहे. मी तिकडे बघायचं टाळतो.

बायको वडिलांकडे जाऊन आली. जेवले नाहीत म्हणाली. मी म्हटलं, त्यांनी तोंड उघडावं ना, काय असेल ते सांगावं. ती म्हणाली, "बाबांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. कधीच आली नाही. तुम्हाला एवढ्या वर्षांत एवढंही कळलं नाही?" मग अचानक म्हणाली, "आपलं घर मोजलंत का?"

मोजायचं आहेच, म्हटलं.

१५ फेब्रुवारी

मीटर घरी आणला. पुढची खोली, स्वयंपाकघर, मधली खोली, सगळं ठीक. हे घर माझ्या वडिलांनी बांधलं, तेव्हा टेकडी उभीही राहिली नव्हती. मागची मुलीची खोली राहिली. तिची परीक्षा जवळ आलीय, जमिनीवर वह्या-पुस्तकं पसरलेली होती. बारा वर्षांची पोर, तिला आत्ता कशाला त्रास द्यायचा? पुढच्या आठवड्यात बघू.

२० फेब्रुवारी

मीटरची बॅटरी उतरलेली होती. बदलून आणायला हवी.

बायकोने आज मला समोर बसवलं आणि आतापर्यंतच्या घरांची यादी पुढ्यात टाकली. "नीट वाचा," म्हणाली. मी वाचली. खराब निघालेली घरं: पोस्टमास्तर, शिंपीण, सुईणबाई, शाळेचा शिपाई, असे सगळे. स्वच्छ निघालेली: धान्यवाला, लाकूडवाला, तो घासाघीस करणारा वकील. मी विचारलं, "गल्लीवार लावायची आहे का?"

तिने कपाळाला हात लावला. "पोस्टमास्तरांनी आत्याच्या पेन्शनसाठी चार वर्षं अर्ज लिहिले. सुईणबाईंच्या हातून आम्ही दोघी बहिणी झालो. आई आजारी होती तेव्हा शिंपीण रोज दुपारी येऊन बसायची. बाबांचा जीव होता त्यांच्यावर, म्हणून त्यांच्या घरी टेकडीची वाळू. तिच्यासाठी पहाटे बैलगाडी न्यायला लागायची. बाकीच्यांना नदीची. आणि स्वतःच्या घराला इकडचं तिकडचं उरलेलं. आमच्या घरात भिंतीला पाठ टेकली की खरचटायचं, आठवत नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, मग हे सगळ्यांना सांगूया की.

"मुलगी म्हणून बोलते म्हणतील. जावई म्हणून बोलतो म्हणतील." मग ती शांतपणे म्हणाली, "या घरातली कुठली खोली बाबांनी बांधली?"

मी गॅस बंद आहे का ते बघायला उठलो.

२१ फेब्रुवारी

बॅटरी उतरलेली नव्हती.

आता लिहूनच टाकतो. मुलगी दहा दिवसांची होती तेव्हा सासरे बैलगाडी घेऊन आले. मागे एक खोली काढून देतो, असं बायकोला म्हणाले. टेकडीला कुंपण पडणार अशी तेव्हा कुणकुण होती, आणि यांनी दोन गाड्या वाळू आधीच आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. दीड महिना एकटे राबले. खोली अशी केली की येणारा जाणारा भिंतीवरून हात फिरवून जायचा. जमीनही तशीच. त्या जमिनीवर मुलगी रांगली. बारा वर्षं ती त्या खोलीत झोपतेय.

हे मला जानेवारीपासून माहीत होतं. लोकांची दारं वाजवताना, त्यांच्या भीतीला मनातल्या मनात हसताना, सगळा वेळ माहीत होतं. मीटर मागच्या खोलीत नेण्याची हिंमत नव्हती, एवढंच. आज तिचं अंथरूण पुढच्या खोलीत टाकलं. का, ते तिने विचारलं, आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मोजा ना." पोर आईवर गेलीय.

२४ फेब्रुवारी

बाईंना विचारून आज सगळ्यांसमोर मोजलं. गल्ली जमली होती. पोस्टमास्तरांना मी स्वतः जाऊन घेऊन आलो. बायको वडिलांचा हात धरून त्यांना घेऊन आली. ते अंगणातच थांबले.

पुढच्या खोल्या झाल्या. मग मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला आणि मीटरने जी टकटक सुरू केली ती थांबेना. भिंतीशी वाढली, जमिनीशी आणखी वाढली. आतापर्यंतच्या सगळ्या घरांत हा आकडा सर्वांत मोठा. बाईंनी मीटर माझ्याकडून घेतला. त्यांनी आकडा वाचला, मी नोंदवहीत लिहिला: पत्ता, खोली, आकडा. सही मला नीट करता आली नाही.

बाहेर येऊन मी म्हटलं, "ही माझ्या मुलीची खोली आहे. मिस्त्रींनी स्वतःच्या नातीसाठी बांधली. त्यांच्याकडे जी सर्वांत चांगली वाळू होती ती त्यांनी इथे घातली. ज्यांच्यावर जीव होता त्या सगळ्यांच्या घरी घातली. पोस्टमास्तर, तुमच्याही. माहीत असतं तर इथे घातली असती का?"

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांची सुटका होईल म्हणून मी हे सगळं केलं होतं. पण त्यांचं लोकांकडे लक्षच नव्हतं. अंगणातून त्या खोलीच्या खिडकीकडे बघत होते. मग वळले आणि एकटेच चालत निघून गेले. नातीच्या खोलीचा आकडा मी त्यांना चारचौघांत ऐकवला होता, हे मला तेव्हा कळलं.

२५ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता कार्यालय उघडायला गेलो तर सासरे पायरीवर बसलेले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. "लिहून घ्या," म्हणाले, आणि सांगायला लागले. गल्ली, घर, खोली, कुठली भिंत. अजून न मोजलेली एकेचाळीस घरं. एका जागी अडकले, डोळे मिटून हाताने हवेत गिलावा केला आणि मग म्हणाले, "डावी."

लिहून झाल्यावर मी म्हटलं, घरी चला, चहा घ्या. ते म्हणाले, "तुमच्या घरी मी येणार नाही."

कामाचं सोडलं तर चौदा वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

११ मार्च

दारं उघडली. काही ठिकाणी लोकच बोलवायला येतात. पोस्टमास्तर रोज मिस्त्रींच्या बरोबर फिरतात. दोघं फारसं बोलत नाहीत, पोस्टमास्तर नुसती त्यांची पाण्याची बाटली धरतात. "चूक माझी आहे" हे वाक्य सासऱ्यांनी अजून सोडलेलं नाही. सुईणबाईंनी त्यांना दारातच दम भरला, "पुरे आता, आत ये आणि बस."

आमची खोली उखडली. मी मदतीला नव्हतो, बघवलं नसतं. डॉक्टरांनी मुलीला तपासलं. आज तरी काही नाही, दर वर्षी दाखवा म्हणाले. धोका वाढलाय, पण त्याचा अर्थ आजार होईलच असा नाही, हे बाईंनी मुलीला समोर बसवून समजावलं. काही लपवलं नाही आणि घाबरवलंही नाही. तेवढ्यासाठी मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी राहीन.

सासरे अजून आमच्या फाटकाच्या आत आलेले नाहीत. मुलीची शाळा सुटायच्या वेळी रस्ता बदलतात.

३१ मार्च

टेकडीच्या वाळूची सगळी घरं झाली. मिस्त्रींच्या यादीतली, आणि यादीबाहेरची नऊ. शेवटच्या लॉरीबरोबर बाईंनी मिस्त्रींना माळावर नेलं. मीही गेलो. केवढा तो खड्डा, आणि किती चोख काम. चिकणमातीचा थर रोलर फिरवून असा दाबलेला की टाच रुतत नव्हती. सासरे वाकून, थर बोटाने दाबून बघत सगळ्या काठाने फिरले. "किती वर्षं टिकेल?" बाई म्हणाल्या, "हजार वर्षांचा हिशोब केलाय. दोनशे तर नक्की."

त्यांनी थर पुन्हा एकदा दाबून पाहिला. "काम चांगलं केलंय," म्हणाले. मिस्त्रींच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाविषयी हे कुणी ऐकलं नसेल. बाईंना त्याची किंमत माहीत नव्हती, ती मी त्यांना परतताना गाडीत सांगितली. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

६ एप्रिल

मोडलेल्या खोल्या नव्या करायला कंत्राटदाराची माणसं आलीत. आमची खोली त्यांना करू द्यायची नाही, असं बायकोने परस्पर ठरवलं आणि वडिलांना निरोप धाडला: या, नाहीतर खोली तशीच राहील.

सकाळी ते आले. फाटकाशी थांबले, मग आत आले. बरोबर नदीची वाळू. मला म्हणाले, "मीटर लावा." लावला. गप्प. "परत." तीनदा लावायला लावला.

त्यांची कामाची एक रीत आहे. ती मला परवा शिंपिणीने सांगितली. काम सुरू करण्याआधी भिंतीवर हातभर जागेत गिलावा करून दाखवायचा. घरच्या बाईने त्यावर तळवा फिरवून "चालेल" म्हटलं तरच पुढे जायचं, नाही तर थापी पिशवीत. गावात प्रत्येक घरी त्यांनी असं विचारलं. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे तेवढं विचारलं नव्हतं. स्वतःच्या मुलीला काय विचारायचं?

आज त्यांनी तेवढा तुकडा केला, बाजूला झाले आणि खाली मान घालून बायकोला म्हणाले, "बघ."

ती म्हणाली, "खोली माझी नाही. जिची आहे तिला विचारा."

सासऱ्यांचा चेहरा मला बघवेना. दीड महिना ज्या पोरीला त्यांनी टाळलं, ती दारातच उभी होती. ते तिच्याकडे वळले. "बघतेस का, बाळा?"

ती आत गेली, बोटं टेकवली, मग पूर्ण तळवा हळूहळू फिरवला. "आजोबा, खरखरीत आहे."

"हो. अशीच होणार."

तिने पुन्हा एकदा हात फिरवला. नीट विचार करत होती, लाड म्हणून बोलणाऱ्यातली ती नाही. मग म्हणाली, "चालेल."

सासरे पालथ्या घमेल्यावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागले. बायकोही रडत होती. मी माझं काय सांगू? मी मीटर हातात धरून मधोमध उभा होतो. पोर जरा वेळ थांबली, मग त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आजोबा, उठा. कालवलेला माल सुकतोय."

ते उठले.